पोटातले ओठांवर

कित्येक विषय असे असतात, की त्यांचे नाव चारचौघांत काढणे म्हणजे ग्राम्यपणाची परमावधी, असे आपल्या सुशिक्षित घरांतून लहानपणापासून शिकविले जाते. पडसे झाले तर ते दिवाणखान्यात सांगता येते. दात दुखू लागला तर पाहुण्यांदेखत गालास हात लावून बसता येते. रक्तदाब व मधुमेह यांना तर हल्ली प्रौढपणाचे भूषणच मानण्यात येते. परंतु आतड्याचे दुखणे ज्याच्या वाट्यास आले, त्याने ते शब्दशः पोटातच ठेवावयाचे! आम्हीही ते चौदा वर्षे पोटात ठेविले, आणि त्याची किंमत दिली. त्या किमतीचा हिशेब आज वाचकांपुढे मांडावयाचा आहे. विषय काहीसा संकोचाचा आहे हे आम्ही जाणतो. पण ज्या घरांत हे मासिक मोठ्याने वाचले जाते त्या घरांतही कोणी ना कोणी मुकाट्याने हे दुखणे सोशीत असेल, अशी आमची खात्री आहे. त्याच्यासाठी हा लेख.

आमचे घर साताऱ्यास, तिघा भावांचे, एका चुलीचे. लहानमोठी अकरा माणसे आणि शौचकूप दोन. तेव्हा सकाळी सहापासून आठपर्यंत परसात जो देखावा दिसे, त्याचे वर्णन न केलेलेच बरे. १९९९ च्या पावसाळ्यात पुण्याहून परत येताना आमची बस खंबाटकीच्या घाटात खोळंबली. पोटात मुरडा उठला, कपाळावर घाम फुटला, आणि अखेरीस वाहकास विनवून आम्हांला भर पावसात खाली उतरावे लागले. परत येऊन बसलो तेव्हा मागल्या बाकावरून कोणीतरी एक विनोद केला व दोनचार लोक हसले. घडले ते एवढेच. पण त्या दिवसापासून बस म्हटली की आमच्या पोटात गोळा येऊ लागला. बसचे थांबे कोठे आहेत, त्यांतील कोणत्या थांब्यावर शौचाची सोय आहे, याचे एक टिपण आमच्या डोक्यात तयार झाले. पुढे प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून उपास. मग निघण्यापूर्वी चार वेळा परसाकडे. मग खिशात जुलाब थांबविणाऱ्या गोळ्या. आणि सरतेशेवटी प्रवासच बंद, अशा पायऱ्या आम्ही एकामागून एक उतरत गेलो.

औषधोपचार केले नाहीत असे नव्हे. एका वैद्यांनी हा आमांश ठरवून महिनोन्महिने जंतुनाशक गोळ्या दिल्या. त्या संपल्या की पोट पुन्हा पूर्ववत. शेजाऱ्यांनी दूध सोडावयास सांगितले, मेहुण्यांनी गहू, तर बँकेतील सहकाऱ्यांनी तुरीची डाळ. जो जे सांगेल ते आम्ही सोडीत गेलो. दहा वर्षांत अशी अवस्था झाली, की घरात पुरणाचा स्वयंपाक असला तरी आमच्या पानात मऊ भात व ताकच पडे, आणि घरातील प्रत्येक मनुष्य सकाळी आम्हांस पहिला प्रश्न विचारी तो, “आज पोट कसं आहे?” हा. प्रश्न प्रेमाचा होता. त्या प्रेमानेही आमचे दुखणे कसे वाढविले, ते पुढे सांगू.

आमची थोरली बहीण, आमची अक्का, चिपळूणास दिलेली. साताऱ्याहून चिपळूणास जावयाचे म्हणजे उंब्रजवरून पाटण, कोयनानगर, आणि मग कुंभार्लीचा घाट. त्या घाटाचे नाव काढताच आमची आतडी पिळवटत. २०१० च्या अखेरीस अक्कास कर्करोग असल्याचे कळले. पहिल्या उपचारांनंतर तिला काही महिने बरे गेले. दर रविवारी ती दूरध्वनीवरून विचारी, “अरे, केव्हा येतोस?” आणि दर रविवारी आम्ही सांगत असू, की रजा मिळत नाही. रजा शिल्लक होती, अक्का! पुष्कळ शिल्लक होती. भाड्याची मोटार करूनही निघण्याचा बेत दोनदा केला व दोनदा आदल्या रात्री मोडला. कारण आता भय बसचे उरले नसून अंतराचेच झाले होते. २०१२ च्या जानेवारीत एका पहाटे ती गेल्याची वार्ता आली. त्या दिवशी मोटारीने निघालो. वाटेत तीन ठिकाणी मोटार थांबवावी लागली. आणि आम्ही पोहोचलो तेव्हा मंडळी स्मशानातून परत येऊन अंगणात पाय धूत होती.

त्यानंतर वर्षभराने आम्ही पुण्यास एका पचनरोगतज्ज्ञाकडे गेलो. आगगाडीत शौचकूप असतो, एवढ्या एका आधारावर पुण्यापर्यंत जाणे आम्हांला शक्य होते. त्यांनी रक्त तपासले, मल तपासला, दुर्बिणीने मोठे आतडे पाहिले. दाह नाही, व्रण नाही, क्षय नाही. ज्यास इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात, म्हणजे चटकन बिथरणाऱ्या आतड्याचा विकार, तो आम्हांस होता. गेले तीन महिने सरासरीने आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखणे. त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या वेळांत वा मलाच्या स्वरूपात होणाऱ्या फरकाशी संबंध असणे. आणि तक्रारीचा आरंभ सहा महिन्यांपूर्वीचा असणे, अशी त्याची लक्षणे २०१६ साली तज्ज्ञांनी पुन्हा नेमकी करून ठेविली आहेत. डॉक्टरांनी थोडे औषध दिले, आणि एका मानसशास्त्रज्ञ बाईंच्या नावाची चिठ्ठी दिली. ती पाहून आम्हांला राग आला. दुखते पोट, आणि उपचार मनावर! आमचे दुखणे खोटे आहे असेच हे गृहस्थ सभ्य शब्दांत सांगत आहेत, असे आम्हांला वाटले. चिठ्ठी तीन आठवडे पंचांगात पडून राहिली.

वस्तुतः राग येण्याचे काहीच कारण नव्हते. मन आणि पोट यांचे नाते आपल्या भाषेस केव्हापासून ठाऊक आहे! भय वाटले की पोटात गोळा येतो, माया दाटली की पोटात तुटते, दुसऱ्याचे बरे झाले की पोटात दुखते, आणि क्षमा करावयाची ती अपराध पोटात घालूनच. चरकसंहितेच्या विमानस्थानात दुसऱ्याच अध्यायात असे सांगितले आहे, की पथ्यकर अन्न योग्य प्रमाणात घेतले तरीही चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण यांच्या योगाने ते पचत नाही. पाश्चात्य देशांत हेच प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्यात आले. १८९७-९८ च्या सुमारास अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर कॅनन याने मांजरांना बिस्मथ मिसळलेले अन्न घालून, नव्यानेच सापडलेल्या क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांच्या जठराची हालचाल न्याहाळली. मांजर भ्याले वा चिडले की जठराच्या लाटा तत्काळ थांबत; ते शांत झाले की पुन्हा चालू होत. मांजरावर ढोंगाचा आरोप कोणी करील काय?

बाईंनी पहिल्या भेटीत आम्हांला हीच गोष्ट समजावून दिली. आतड्यांच्या भिंतींत दहा कोटींहून अधिक मज्जापेशी आहेत. मेंदूची आज्ञा नसतानाही त्या आपला कारभार पाहू शकतात. मेंदू व पोट यांना जोडणारी व्हेगस नावाची जी मोठी मज्जातंतूंची जुडी आहे, तिच्यातील बहुतेक तंतू पोटाकडून मेंदूकडे निरोप नेणारे आहेत. एकदा चोरी झालेल्या घरातील म्हातारी जशी उंदराच्या खुडबुडीनेही दचकून उठते, तद्वत आमचा मेंदू आतड्यांच्या साध्या हालचालीसही संकट समजू लागला होता. तो भ्याला की आतडी अधिक वेगाने चालत, ती तशी चालली की तो अधिक भिई. “दुखणं खरंच आहे,” त्या म्हणाल्या, “फक्त ते या चक्रावर चालतं, आणि चक्राला हात घालायच्या जागा पुष्कळ आहेत.” चौदा वर्षांत दुखणे खरे आहे असे सांगणारे मनुष्य आम्हांला प्रथमच भेटले होते. तेवढ्यानेच निम्मे ओझे उतरले असे म्हटले तरी चालेल.

पहिला उपाय वहीचा. दोन आठवडे रोज लिहावयाचे: काय खाल्ले, केव्हा खाल्ले, पोटात काय झाले, त्या वेळी आम्ही कोठे होतो, आणि मनात कोणता विचार होता. आम्ही बँकेतले मनुष्य. जमाखर्च मांडण्याचा कंटाळा नव्हता. चौदा दिवसांनी ताळेबंद पाहतो तो काय! रविवारी भाच्याच्या आग्रहाने मिसळ खाल्ली, पोट शांत. सोमवारी मऊ भात व ताक, तीन वेळा धाव. महिनाअखेरीस हिशेबतपासनीस यावयाचे होते, त्या सकाळी नुसत्या चहावर चार वेळा. अन्नाच्या रकान्यात दोषी सापडेना, आणि विचारांच्या रकान्यात मात्र एकच वाक्य पुन्हा पुन्हा आढळे: ‘आवरले नाही तर?’

अन्नाचा काहीच संबंध नसतो, असा मात्र याचा अर्थ कोणी घेऊ नये. कांदा, लसूण, गहू, काही कडधान्ये, आणि काहींना दूध, यांतील विशिष्ट शर्करा आतड्यांत आंबून वायू धरतात, आणि कित्येक रुग्णांस त्या खरोखरच बाधतात. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाने या शर्करा टाळण्याची जी पद्धती घालून दिली आहे, तिचा पुष्कळांना गुण येतो. परंतु तिच्यातही टाळणे हे काही आठवड्यांचेच असते. नंतर एकेक पदार्थ पुन्हा खाऊन, जो खरोखर बाधेल तेवढाच सोडावयाचा असतो. आम्ही जो जन्माचा सन्यास घेऊन बसलो होतो, तो कोणत्याच शास्त्रात बसत नव्हता.

दुसरा उपाय सकाळच्या वेळेचा. झोपेतून उठल्यावर, आणि काही खाल्ल्यावर, मोठे आतडे स्वभावतःच हालू लागते. या निसर्गाच्या वेळेचा फायदा घ्यावयाचा. न्याहारी न टाळता करावयाची, तीनंतर वीस मिनिटांनी एकदा जावयाचे, दहा मिनिटांहून अधिक बसावयाचे नाही, आणि वर्तमानपत्र किंवा भ्रमणध्वनी बरोबर न्यावयाचा नाही. त्यानंतर केवळ ‘खबरदारी म्हणून’ पुन्हा जाणे बंद. हे शेवटचे कलम सर्वांत कठीण गेले. शंका आली की आधी दोन मिनिटे थांबावयाचे, मग पाच, मग दहा. बहुधा तेवढ्यात शंकेचे निरसन आपोआप होई.

येथे आमच्यातील शास्त्राभिमानी मनुष्य जागा झाला. चरकाने सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात शरीराचे तेरा वेग अडवू नयेत असे बजावले आहे, आणि बाई तर थांबावयास सांगत होत्या! पण तोच अध्याय पुढे वाचला असता शंका फिटली. लोभ, शोक, भय, क्रोध इत्यादी मनाचे वेग मात्र आवरावेत, असे तेथेच म्हटले आहे. आमच्यापुढे प्रश्न होता तो हा, की उठलेली हाक पोटाची आहे की भयाची? चौदा वर्षे आम्ही भयाच्या हाकेस पोटाची हाक समजून धावत होतो. ज्यांचा कोठा जड आहे, किंवा शाळा-कचेरीतील अस्वच्छ जागेमुळे ज्या मुली व स्त्रिया दिवसदिवस खऱ्या वेगासही दाबून धरतात, त्यांना मात्र थांबण्याचा हा उपदेश लागू नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यांनी पहिल्या हाकेसच जावे.

तिसरा उपाय श्वासाचा. एक हात छातीवर, एक पोटावर. छाती न हलता पोट वर यावे अशा रीतीने मिनिटास सहा श्वास, दहा मिनिटे, दोन वेळा. हे ऐकून आम्ही काहीशा प्रौढीने सांगितले, की मुंज झाल्यापासून आम्ही संध्येत प्राणायाम करीत आलो आहोत. “किती वेळ?” बाईंनी विचारले. आम्ही मनाशी हिशेब केला: नाक धरले न धरले तोच सोडले, आणि तेवढ्यातही चित्त नऊच्या बसकडे. सारा प्राणायाम दहा सेकंदांत आटोपत असे! तीच क्रिया संथपणे करू लागल्यावर तिच्यात काय आहे ते वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी प्रथम कळले. श्वास खोल व संथ झाला की शरीराची धावपळीची यंत्रणा मंदावते, आणि आतड्यांचे आकडी धरणे सैल पडते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत थोड्या रुग्णांवर केलेला योगोपचाराचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, तोही याच दिशेचा होता.

चौथा उपाय शिडीचा, आणि खरी कसोटी येथेच होती. ज्या ज्या गोष्टी आम्ही भयाने टाळीत होतो, त्या सोप्यापासून कठिणापर्यंत क्रमाने लिहून काढल्या आणि एकेक पायरी चढू लागलो. पहिल्या दिवशी साताऱ्याच्या स्थानकावर उभ्या असलेल्या बसमध्ये पंधरा मिनिटे नुसते बसलो व उतरलो. वाहकाने आमच्याकडे जे पाहिले ते अद्याप आठवते. मग वाई. वाईस जाताना पाचवडाच्या पुढे कळ उठली. पोटावर हात ठेवून श्वास मोजीत बसलो. कळ वाढली, शिगेस पोहोचली, आणि ओसरली. कळ ओसरते, ही गोष्ट आम्हांस माहीतच नव्हती. कारण ती ओसरेपर्यंत आम्ही कधी थांबलोच नव्हतो! मग उपास न करता वाई, मग खिशात गोळ्या न ठेवता उंब्रज, मग पाटण. बाईंनी एकदा विचारले, की चौदा वर्षांत बसमध्ये आवरले नाही असे किती वेळा झाले? आठवून पाहता उत्तर आले: एकदा, खंबाटकीस. आणि तेव्हाही खरोखर अनर्थ म्हणावा असे काय घडले होते? बस सातआठ मिनिटे थांबली होती, कोणी एक हसला होता, आणि शेजारच्या म्हाताऱ्याने आपल्या तांब्यातले पाणी दिले होते. तो म्हातारा आम्ही पार विसरून गेलो होतो. हसणारा तेवढा लक्षात ठेविला होता.

पाचवा उपाय घरच्या मंडळींचा. बाईंनी आमच्या सौभाग्यवतीस बोलावून घेऊन सांगितले, की सकाळचा तो प्रश्न बंद करा. रोज कोणी पोटाची चौकशी केली, की मन पोटातच जाऊन बसते. आणि वेगळे पान, वेगळी खोली, प्रत्येक समारंभातून सूट, यांनी दुखणाईतपणाची गादी अधिकच मऊ होते. त्या दिवसापासून घरात तो प्रश्न कोणी विचारला नाही, आणि आमच्या पानात सर्वांच्याबरोबर आमटी पडू लागली. प्रथम आम्हांला ही निष्ठुरता वाटली. महिन्याभराने कळले, की अकरा माणसांच्या घरात आम्ही आजवर पाहुण्यासारखे राहत होतो. आता कोठे घरात राहावयास आलो आहोत.

ही आमच्या एकट्याची कथा असती, तर तिला फारसे मोल नसते. परंतु मँचेस्टर येथे पीटर व्हॉरवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ सालीच, औषधांस दाद न देणाऱ्या ३० रुग्णांवर पोटास उद्देशून केलेल्या संमोहनाचा प्रयोग करून त्याचा लक्षणीय गुण दाखविला होता. इंग्लंडातच २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात ५५८ रुग्ण होते. विचार व वर्तन यांवरील हेच उपचार त्यांपैकी काहींना दूरध्वनीवरून व काहींना संगणकाच्या साहाय्याने देण्यात आले, आणि नेहमीच्या उपचारांवरच राहिलेल्या रुग्णांपेक्षा त्यांची प्रकृती वर्षाअखेर अधिक सुधारलेली आढळली. तात्पर्य, हे घरगुती तोडगे नव्हेत. इतर औषधांप्रमाणेच ते पारखून घेतलेले आहेत.

मात्र येथे एक इशारा दिल्यावाचून पुढे जाणे हा अपराध होईल. मलातून रक्त जाणे, वजन उतरणे, ताप, पंडुरोग, रात्री झोपेतून उठविणारे जुलाब, उतारवयात प्रथमच सुरू झालेली तक्रार, किंवा कुटुंबात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यांतील काहीही असेल, तर वही आणि श्वास बाजूस ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे. आतड्यांच्या क्षयाचा आपल्या देशात विसर पडता उपयोगी नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स हे विकार निराळे. त्यांत आतड्यास खरोखर दाह व व्रण असतात, आणि तेथे औषध सोडून केवळ मनावर भिस्त ठेवणे घातक होय. त्या रुग्णांनाही या उपायांनी दुखणे सोसणे सुकर होते. पण ते औषधाच्या जोडीस, औषधाच्या जागी नव्हे.

असो. २०१४ च्या उन्हाळ्यात चिपळूणास अक्काच्या नातवाची मुंज होती. न्याहारी करून, खिशात गोळ्या न घेता, आम्ही बसने निघालो. कुंभार्लीच्या घाटात दोनदा कळ उठली व दोनदा ओसरली. मुंजीच्या रात्री मांडवात आमचे मेहुणे एकटेच बसले होते. त्यांच्यापाशी जाऊन आम्ही सारे सांगितले. रजा मिळत नव्हती हे खोटे होते, हेही सांगितले. ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “एवढंच होतं होय? आधी सांगितलं असतंत, तर बरी होती त्या महिन्यांत आम्हीच हिला साताऱ्यास घेऊन आलो असतो.”

या वाक्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते, व आजही नाही. रोगाने आम्हांला अक्कापासून दूर ठेविले, अशी समजूत करून घेऊन आम्ही दोन वर्षे काढली होती. रोगाने नव्हे, लाजेने दूर ठेविले. रोगास वाट होती, अगदी सरळ वाट, आणि ती एका वाक्यापलीकडे नव्हती.

ते वाक्य आम्ही दुसऱ्यांदा उच्चारले ते २०२२ साली. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या दहावीत होती. दोन वर्षे घरून शिकल्यावर शाळा पुन्हा सुरू झाली, तसे तिचे परीक्षेच्या दिवशी पोट दुखू लागले. ती सकाळी खाईना, पाणी पिईना, आणि शाळा चुकवू लागली. घरात कोणी त्यास नाटक म्हणाले, कोणी अभ्यासाचा कंटाळा. आम्ही तिला माडीवर नेले आणि खंबाटकीपासून अक्कापर्यंत सर्व हकीकत सांगितली. पोरगी रडली नाही की हसली नाही, एवढेच म्हणाली, “काका, म्हणजे हे तुम्हांलाही होतं?” मग आधी डॉक्टरांकडून तपासण्या झाल्या, त्यांत काही निघाले नाही, आणि वही, न्याहारी, श्वास असा क्रम सुरू झाला. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी तिला वर्गातून न विचारता उठून जाण्याची मुभा दिली. चमत्कार असा, की मुभा मिळाल्यावर उठण्याची वेळ क्वचितच येऊ लागली. परीक्षेत विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेच्या वेळी एकदा ती उठली, पाच मिनिटांनी परत आली, आणि उरलेले प्रश्न लिहून घरी आली. घरी कोणीही तिला पोटाविषयी विचारले नाही. सर्वांनी विचारले ते एवढेच, की पेपर कसा गेला?

आमचे दुखणे समूळ गेले आहे असे नाही. लग्नसराईत, जागरणात, घरात कोणाचे आजारपण असता ते अजूनही डोके वर काढते. तेव्हा वही पुन्हा उघडतो, आणि दोनतीन आठवड्यांत गाडी रुळावर येते. परंतु आता आमच्या घरात पोटाचे दुखणे डोकेदुखीइतक्याच मोकळेपणाने सांगता येते, आणि सांगून झाल्यावर त्याच मोकळेपणाने विसरताही येते. वाचकांपैकी ज्यांच्या घरी कोणी प्रवास टाळतो, पानावरून अर्धपोटी उठतो, किंवा समारंभास न येण्याची सबब दर वेळी नवी सांगतो, त्यांनी त्याची थट्टा करू नये आणि रोजची विचारपूसही करू नये; एकदा एकान्तात बसवून त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, व डॉक्टरांकडे बरोबर जावे. आणि जो स्वतःच सोशीत असेल, त्याने आपल्या माणसांपैकी एकास तरी हे सांगावे; कोणी दर रविवारी ‘केव्हा येतोस’ म्हणून विचारीत आहे तोवरच सांगावे.